वायनरीची द्राक्षं माझ्या टेम्पोतून न्यावीत का? हराम माल आणि हलाल धंद्याबद्दल

कोकणीपुरा (धागाकर्ता), ९ जानेवारी, रात्री ११.१०

सलाम आणि नमस्कार मंडळी,

चार वर्षं इथे वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. अडचण माझी स्वतःची आहे आणि आठवडाभर झोप लागू देत नाहीये.

माझे दोन टेम्पो आहेत. राहतो जुन्या नाशकात, धंदा सगळा दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात. द्राक्षाच्या हंगामात संध्याकाळी बागेवर क्रेट भरायचे, रात्री कसारा घाट उतरायचा आणि पहाटे वाशी मार्केटला माल लावायचा. हंगाम संपला की कांदा, टोमॅटो, कधी कुणाचं घरसामान. पावसाळ्यात एक गाडी दोन महिने उभीच राहते.

मागच्या आठवड्यात एका वायनरीच्या माणसाने बोलावून घेतलं. त्यांच्याकडे दोन कामं आहेत. एक म्हणजे हंगामात करारावरच्या बागांमधून वाईनची द्राक्षं पहाटे उचलून त्यांच्या गेटपर्यंत न्यायची. दुसरं, वर्षभर भरलेल्या बाटल्यांचे खोके मुंबईच्या डेपोत टाकायचे. दोन्ही गाड्यांना बारमाही काम आणि दर पंधरा दिवसांनी पैसे खात्यावर. ज्याने वाहतुकीचा धंदा केलाय त्यालाच कळेल पंधरा दिवसांनी पैसे मिळणं म्हणजे काय. माझं गेल्या हंगामाचं भाडं दोन आडत्यांकडे अजून अडकलंय.

बाटल्यांना मी तिथेच नाही म्हणालो. त्यावर विचार करायला वेळ लागला नाही. दारूच्या बाबतीत पैगंबरसाहेबांनी (स.) दहा जणांवर लानत (शाप) केल्याची हदीस, म्हणजे त्यांचं वचन, लहानपणापासून कानावर आहे: रस काढणारा, काढून घेणारा, पिणारा, वाहून नेणारा, ज्याच्याकडे नेली जाते तो, पाजणारा, विकणारा, तिची किंमत खाणारा, विकत घेणारा आणि ज्याच्यासाठी विकत घेतली तो. तिरमिजीच्या हदीससंग्रहात आहे. मदरशात मौलानांनी हे दहा जण बोटांवर मोजून पाठ करून घेतले होते. चौथ्या बोटावर वाहून नेणारा यायचा. आज तो मीच आहे.

पण द्राक्षांचं काय? द्राक्ष तर हलाल. घड उचलला की मण्यावरची पांढरट झाक बोटाला लागते, क्रेटच्या तळाला रद्दी अंथरून मी गेली अकरा वर्षं तेच उचलतोय. अम्मी म्हणते, "फळ अल्लाहने दिलंय, तू फळच वाहतोस, फाटकाच्या आत काय होतं ते त्यांचं त्यांच्यापाशी." धाकटा भाऊ म्हणतो, "फाटकाच्या आत काय होतं ते तुला माहीत आहे ना? मग झालं." दोघांचंही मला पटतं आणि म्हणूनच सुचेनासं झालंय.

आम्ही कोकणी, घरात शाफई मसलक, म्हणजे इस्लामी कायद्याची शाफई परंपरा. बायकोचं माहेर हनफी मसलकाचं. तिच्या भावाने सांगितलं की हनफींकडे याला सवलत आहे. जाणकारांनी कृपया लिहावं. बिगरमुस्लिम मित्रांनीही लिहावं, कारण हा धंदा आपण सगळे मिळूनच करतो.

---

निफाडकर, १० जानेवारी, सकाळी ६.३५

भाऊ, मनापासून लिहिलंत, म्हणून मीही मनापासून लिहितो. माझी चार एकर बाग आहे. तीन एकर खाण्याची द्राक्षं, एक एकर वाईनची. वाईनवाल्या एकराचा करार आहे, भाव आधी ठरलेला असतो, पैसे बुडत नाहीत. मुलीचं इंजिनिअरिंग त्या एका एकरावर चाललंय.

अम्मींच्या बोलण्यावर एक माहिती देतो. वाईनचं द्राक्ष आणि थॉमसन, सोनाका या खाण्याच्या जाती यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. वाईनचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. गोडी २२-२४ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे साखरेचं माप) चढू देतात. खायला गोड लागतं, पण बाजारात नेलं तर कुणी क्रेट उघडूनही बघणार नाही. लागवड केली त्या दिवसापासून ते कशासाठी आहे हे ठरलेलं असतं. "फळच वाहतोस" हे खाण्याच्या द्राक्षाला लागू पडेल, याला पडेल असं मला वाटत नाही. तुमच्या धर्माचा निर्णय मी देऊ शकत नाही, मालाची गोष्ट तेवढी सांगितली.

आणि एक विचारतो, राग मानू नका. मग तुमच्या दृष्टीने माझी ती एक एकर बाग म्हणजे पाप का?

---

मालेगावची लेक, १० जानेवारी, दुपारी २.१५

कोकणीपुरा भाई, व अलैकुम अस्सलाम. मी आलिमाचा (धर्मशास्त्राचा) कोर्स केला आहे, फतवा देण्याचा अधिकार मला नाही. जे शिकले ते सांगते, निर्णय तुमच्या मुफ्तीसाहेबांना विचारूनच घ्या.

तुमचा प्रश्न नवा नाही. द्राक्षाचा रस दारू करणाऱ्याला विकावा का, यावर साडेबाराशे वर्षांपूर्वी इराकमधल्या कुफा शहरात वाद झालेला आहे. इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) म्हणाले, विकायला हरकत नाही. त्यांची मांडणी अशी: पाप रसाच्या अंगात नाही. रस बदलून दारू झाल्यावर ते येतं आणि तो बदल दुसरा माणूस स्वतःच्या मर्जीने करतो. याउलट दंगलीच्या काळात दंगेखोराला हत्यार विकणं त्यांनाही नामंजूर, कारण हत्यार आहे तसंच वापरलं जातं, त्याला बदलावं लागत नाही. त्यांचेच दोन शिष्य, अबू यूसुफ आणि मुहम्मद अश्-शैबानी, इथे गुरूंपासून वेगळे झाले. माहीत असताना विकणं म्हणजे पापाला हात लावणं, असं त्यांचं मत. आधार कुरआनचा (५:२): नेकीत एकमेकांना साथ द्या, पापात आणि जुलमात देऊ नका.

इमाम शाफईंच्या मसलकात, म्हणजे तुमच्या घरच्या मसलकात, समोरचा दारूच करणार हे पक्कं माहीत असेल तर विकणं हराम, नुसती शंका असेल तर मकरूह, म्हणजे नापसंत. मालिकी मसलकातही मनाई. हंबलींकडे तर तो सौदाच रद्दबातल.

बायकोच्या भावाने सांगितलेली सवलत कुठून आली ते यावरून कळेल. ती खरी आहे, पण ज्या मालाचे दहा उपयोग होतात त्याच्यासाठी मला ती समजते. रसाचा सिरका (व्हिनेगर) होतो, काकवीसारखा आटवता येतो, तसाच पिताही येतो. निफाडकर दादांनी जे सांगितलं त्याने माझं मत बदललं, खरंच. ज्या फळाचा दुसरा गिऱ्हाईकच नाही, तिथे "मला काय माहीत" म्हणायला जागा कुठे उरते?

बाटल्यांबद्दलही सांगते, कारण कुणीतरी तुम्हाला हेही ऐकवेल. मजुरी घेऊन बिगरमुस्लिमाची दारू वाहून नेण्यात इमाम अबू हनीफांनी ढील दिली आहे. त्यांचं म्हणणं, वाहून नेणं हे ओतून टाकायला किंवा सिरका करायलाही असू शकतं, पाप पिणाऱ्याचं. शिष्यांना इथेही ते पटलं नाही, शाफईंकडे तर अशी मजुरी ठरवणंच नाजायज. लेबल लावलेला, डेपोत जाणारा खोका कुणी ओतून टाकायला नेत नाही. तुम्ही जागेवर नाही म्हणालात, अल्लाह त्यात बरकत देवो.

निफाडकर दादा, तुमच्या प्रश्नाने मला गलबलून आलं. फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, एक शब्द आहे, माल-ए-मुतकव्विम, म्हणजे ज्याला शरियतमध्ये किंमत आहे असा माल. दारू मुसलमानाच्या हातात असेल तर तिला किंमत नाही, कुणी फोडली तर भरपाईही नाही. पण बिगरमुस्लिमाची दारू मुसलमानाने फोडली तर हनफी आणि मालिकी दोघेही म्हणतात, भरून दे. त्याच्यासाठी तो माल आहे आणि त्याच्या मालाला हात लावायचा हक्क तुला नाही. बंधन भाईंवर आहे, तुमच्या बागेवर नाही. तुमच्या मुलीला माझा आशीर्वाद.

---

पंचवटीकर, १० जानेवारी, सायं. ५.०२

ताईंच्या प्रतिसादासाठी +१. वाचनखूण साठवली.

मला नुसती उत्सुकता म्हणून विचारायचंय. मनाई असलेल्या मालाची काही पक्की यादी आहे का? आणि सणासुदीला मूर्ती, सजावट वगैरे वाहतुकीचं काम येतं तेव्हा तुम्ही काय करता?

---

कोकणीपुरा (धागाकर्ता), १० जानेवारी, रात्री ९.४०

पंचवटीकर दादा, सरळ विचारलंत ते आवडलं.

जाबिर (र.) यांची हदीस आहे, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत. मक्का जिंकली त्या वर्षी, म्हणजे हिजरी ८, इसवी ६३० मध्ये, पैगंबरसाहेबांनी चार गोष्टींची विक्री हराम असल्याचं जाहीर केलं: दारू, मेलेलं जनावर, डुक्कर आणि मूर्ती. लोकांनी लगेच विचारलं, मेलेल्या जनावराच्या चरबीचं काय, ती नावांना लावतात, कातड्याला लावतात, दिव्यात जाळतात. उत्तर आलं, नाही. ही हदीस मला फार जवळची वाटते. ते विचारणारेही कामधंद्याचीच माणसं होती, माझ्यासारखी.

मूर्तीचं नाव त्यात स्पष्ट आहे, म्हणून मूर्ती मी भाड्याने नेत नाही. आमच्या भागातल्या मंडळांना हे ठाऊक आहे. पहिल्या वर्षी मी सांगितलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "बरं झालं आधी सांगितलंस, ऐन वेळी खोळंबा झाला असता." त्यांच्या खुर्च्या आणि जेवणाची भांडी दर वर्षी माझ्याच गाडीतून जातात.

ताई, जझाकल्लाह. तुमचं दोनदा वाचलं, मग अम्मीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून चहा ठेवला.

---

कॉलेजरोड, ११ जानेवारी, सकाळी १०.२०

वकिलीच्या बाजूने थोडं. १९३७ चा शरियत कायदा विवाह, तलाक, वारसा, वक्फ अशा बाबींपुरता आहे. खरेदी-विक्री आणि मजुरीच्या कराराला आपल्याकडे सर्वांना १८७२ चा करार कायदाच लागू. म्हणजे धागाकर्त्याने वायनरीशी करार केला तर तो न्यायालयात वैध आहे. प्रश्न आहे तो त्यांच्या सदसद्विवेकाचा.

मात्र कलम २३ ताईंच्या मांडणीशेजारी ठेवून वाचण्यासारखं आहे. कराराचा हेतू बेकायदा किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध असेल तर करार रद्द. दारूच्या बाबतीत आपलं राज्यही काही मोकळं नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे, त्यातल्या परवान्यांवरच हा सगळा धंदा चालतो. वाहतुकीलाही उत्पादन शुल्क खात्याचा पास लागतो. घटनेच्या ४७ व्या कलमात तर दारूबंदीचा प्रयत्न करणं हे राज्याचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे.

---

भद्रकालीतला दुकानदार, ११ जानेवारी, दुपारी १२.४५

धाग्याशी थेट संबंध नाही, तरी राहवत नाही. संक्रांत चार दिवसांवर आली आहे म्हणून लिहितोय.

माझं छोटं जनरल स्टोअर आहे. नायलॉन मांजा मी विकत होतो. हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, त्यानंतरही एक हंगाम काउंटरखालून विकला. यादीत नसलेला माल, दोरा आहे, त्यात हराम काय, असं स्वतःला समजावत होतो. मग आमच्याच गल्लीतल्या एका मुलाची गाडीवरून जाताना हनुवटी कापली. नऊ टाके पडले. दोरा कुणाच्या दुकानातला होता ते कुणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही.

हदीस आहे, ला ज़रर व ला ज़िरार. कुणाला इजा करू नये, इजेला इजेनेही उत्तर देऊ नये. मी उरलेल्या चकऱ्या जाळल्या. त्यांचे पैसे मी घाऊकवाल्याला आधीच दिलेले होते, ते गेले. आता संक्रांतीला फक्त साधा सुती दोरा ठेवतो, विक्री निम्म्याहून कमी होते. मुलं येतात, "काका, तो दुसरा नाही का?" विचारतात आणि पुढच्या दुकानात जातात. जाऊ दे.

---

निफाडकर, ११ जानेवारी, रात्री ८.१५

मालेगावच्या ताई, तुमच्या उत्तराने मन हलकं झालं. आता आमच्याही धंद्याचं सांगा. वाईनचं सोडा, खाण्याच्या द्राक्षात जे चालतं त्याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात?

२०१४ च्या गारपिटीची गोष्ट. वडिलांनी एक प्लॉट उक्ता (एकरकमी) दिला होता, मणी अजून हिरवे होते, पाणी उतरायचं होतं, म्हणजे मणी पिकून मऊ व्हायचे होते. व्यापाऱ्याने इसार दिला आणि आठ दिवसांत गारांनी घड फोडून टाकले. व्यापारी इसार मागायला आला. वडील म्हणाले सौदा झाला तो झाला, तो म्हणाला माल कुठाय. दोन तास ओट्यावर बसून होते. शेवटी वडिलांनी अर्धे पैसे दिले आणि दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

उलट बाजूही आहे. तीन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने आमचा सहा दिवस माल तोडला, दोन दिवसांचे पैसे दिले आणि मोबाईल बंद करून गेला. हातात कागद नव्हता. काटा पावती होती, ती पण त्याच्याच वहीतल्या पानावर.

---

मालेगावची लेक, १२ जानेवारी, सकाळी ११.३०

दादा, तुमच्या वडिलांचा आणि त्या व्यापाऱ्याचा ओट्यावरचा वाद मदिनेत घडलेला आहे. फळ पिकायच्या आत त्याचे सौदे व्हायचे, मग रोग पडायचा आणि भांडणं यायची. पैगंबरसाहेबांनी मनाई केली: फळाची पक्वता दिसेपर्यंत ते विकू नका. द्राक्षाचं तर नाव घेऊन आलंय, अनस (र.) यांच्या हदीसेत: काळं पडेपर्यंत द्राक्ष विकू नका. आणि कारण दिलं ते असं: अल्लाहने फळच रोखलं तर तुम्ही आपल्या भावाचा पैसा कशाच्या बदल्यात घेणार? जे हातात येईल की नाही हेच माहीत नाही त्याचा सौदा, याला ग़रर म्हणतात. हराम मालाची यादी छोटी आहे, पण हलाल मालाचा सौदा हराम कसा होतो, यावर फिकहची पानंच्या पानं आहेत आणि त्यातली निम्मी शेतमालाची आहेत.

सौदा झाल्यावर आफत आली तर त्याचाही विचार आहे. मुस्लिमच्या संग्रहात हदीस आहे की अशा आफतीत नुकसान वजा करा. इमाम मालिक म्हणतात, एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त नुकसान झालं तर शेतकऱ्याने पैसे कमी करावेत. हनफी आणि शाफईंकडे ताबा दिल्यानंतर नुकसान खरेदीदाराचं, पण सोडून देणं चांगलं. तुमच्या वडिलांनी अर्धे परत दिले. कुणी न शिकवता ते न्यायाच्या जवळ पोचले होते, एवढं मी नक्की म्हणेन.

आगाऊ पैसे घेऊन माल द्यायचाच असेल तर रस्ता आहे, सलम म्हणतात. ठरावीक माप, ठरावीक वजन, ठरावीक मुदत, पैसे आधी. पण अमुक एका बागेतलाच माल असं ठरवायचं नाही, म्हणजे तिथे गारा पडल्या तरी देणारा दुसरीकडून आणून देऊ शकतो.

एक सहज सांगते, तुम्हाला गंमत वाटेल. ताजी द्राक्षं देऊन त्या बदल्यात मापाने बेदाणे घेऊ नयेत, हेही हदीसेत आहे, मुज़ाबना म्हणतात. वाळून किती उरणार हे आधी कळत नाही, एकाचं नुकसान ठरलेलं.

आणि पळालेला व्यापारी. कुरआनची सर्वांत लांब आयत कशावर आहे ठाऊक आहे? नमाजवर नाही, रोज्यावर नाही. ती उधारीवर आहे, २:२८२. मुदतीची उधारी केलीत तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, देणं ज्याच्यावर आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार घ्या, रक्कम छोटी असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. ज्या दिवशी तुमच्याकडून मी तो मोबाईल बंद झाल्याचं वाचलं, त्या दिवशी मी ही आयत पुन्हा उघडून वाचली.

---

उन्हाळ कांदा, १२ जानेवारी, रात्री १०.००

लासलगावजवळचा आहे. बाजार समितीत हयात गेली. ताई, ती ओल्या धान्याची गोष्ट तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होतो. आमच्या मित्राने, तो मुस्लिम व्यापारी आहे, ती मला ट्रॉलीशेजारी उभं राहून सांगितली होती. बाजारात धान्याच्या ढिगात पैगंबरांनी हात घातला, बोटं ओली झाली. हे काय? पावसाने भिजलं. मग वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं? जो फसवतो तो माझ्यातला नाही.

आमच्याकडे ट्रॉलीत वर निवडक कांदा, तळाला गोल्टी (बारीक कांदा) आणि कोंब आलेला. लिलावात वरचं बघून बोली लागते, खळ्यावर माल खाली झाला की वांधा निघतो, भाव तुटतो. ज्याने प्रामाणिक भरला त्याचाही कधीकधी तोडतात, ते वेगळंच दुखणं. माझा मित्र बोली लावायच्या आधी ट्रॉलीच्या फळीजवळचा कांदा कोपरापर्यंत हात घालून काढतो आणि शेतकऱ्याच्या हातात देतो. "तूच सांग काय भाव लावू." मी तीस वर्षांत असं करणारा दुसरा पाहिला नाही.

---

मालेगावची लेक, १२ जानेवारी, रात्री १०.४०

काका, हीच ती. तुमच्या बाजाराचे अजून दोन नियम सांगते, मग थांबते. घ्यायचं नसताना भाव चढवायला बोली लावणं, नजश, हराम. आणि शेतकरी बाजारात पोचायच्या आत रस्त्यावर गाठून त्याला बाजारभाव कळू न देता माल घेणं मना आहे. तसं घेतलंच तर बाजारात आल्यावर सौदा मोडायचा हक्क शेतकऱ्याला आहे. तुमच्याकडची शिवार खरेदी, म्हणजे शेतावरच होणारी खरेदी, वाईटच असं नाही, पण भाव लपवून केलेली खरेदी ही तीच.

साठेबाजीबद्दल लोक शेतकऱ्याला बोलतात तेव्हा मला वाईट वाटतं. हनफी फिकहमध्ये स्पष्ट आहे: स्वतःच्या शेतातलं पीक धरून ठेवणारा साठेबाज नाही. गावातला माल विकत घेऊन लोकांना तंगी होईल असा दाबून ठेवणारा साठेबाज. कांदाचाळीत साठवलेला कांदा शेतकऱ्याचा स्वतःचा आहे.

---

कोकणीपुरा (धागाकर्ता), २१ जानेवारी, रात्री १०.२५

उशीर झाला, माफ करा.

जुम्म्याच्या नमाजनंतर मुफ्तीसाहेबांना भेटलो. निफाडकर दादांचं बोलणं जसंच्या तसं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. हे द्राक्ष दुसरीकडे कुठे विकलं जातं का? आणि गेटच्या आत काय होतं याबद्दल तुला काही शंका आहे का? दोन्हींना मी नाही म्हणालो. ते म्हणाले, मग विचारायला का आलास? रागाने नाही म्हणाले, माझा हात धरून म्हणाले. नंतर त्यांनी ती हदीस सांगितली, हलाल उघड आहे, हराम उघड आहे, मध्ये संशयाच्या गोष्टी आहेत, आणि राखीव कुरणाच्या कडेने मेंढरं चारणाऱ्या मेंढपाळाची मेंढरं आत शिरायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी वायनरीत जाऊन दोन्ही कामांना नाही म्हणून आलो. फोनवर सांगणं बरं वाटलं नाही. ते साहेब म्हणाले, कारण सांगितलंत तर बरं होईल. सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, गेटपर्यंत सोडायला आले.

घरी हिशोब मांडला तेव्हा छातीत धस्स झालं, हे खोटं बोलणार नाही. एक टेम्पो मामूंच्या भांडवलावर आहे. पैसे त्यांचे, मेहनत माझी, नफा निम्मा-निम्मा, तोटा झाला तर भांडवल त्यांचं जाईल आणि माझी मेहनत. याला मुज़ारबत म्हणतात. त्यामुळे माझ्या नाहीचा फटका त्यांनाही बसणार होता. त्यांना आधी विचारायला हवं होतं, ते राहिलं. रात्री जाऊन माफी मागितली. मामू म्हणाले, "विचारलं असतंस तर मीही हेच सांगितलं असतं, पण विचारायचं होतंस." हे मनाला लागून राहिलंय.

परवा निफाडकर दादांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला. त्यांचे तीन एकर आणि शेजारच्या दोन भावांची बाग, असा खाण्याच्या द्राक्षाचा माल मार्चअखेरपर्यंत वाशीला न्यायचा आहे. काल त्यांच्या ओट्यावर बसून आम्ही कागद केला. क्रेटमागे भाडं, गाडी भरायला तीन तासांच्या वर लागले तर थांबण्याचे पैसे, दर शनिवारी हिशोब, पाऊस आला तर ताडपत्री माझी, तुटलेला क्रेट ज्याच्या हातून तुटला त्याचा. शेवटच्या कलमावर अर्धा तास गेला. दोन प्रती, दोन साक्षीदार. मजकूर मी सांगितला आणि त्यांच्या मुलीने लिहिला. ताईंनी सांगितलेल्या आयतीप्रमाणे देणं ज्याच्यावर त्याने सांगायचं, पण इथे देणं दोघांवर होतं, म्हणून अर्धा मजकूर दादांनी सांगितला.

---

निफाडकर, २२ जानेवारी, सकाळी ६.१०

एक कलम राहिलं, भाऊ. आमचे भाऊ म्हणतात गाडी येताना रिकामे क्रेट परत आणायचे, त्याचं भाडं धरलेलं नाही. कागदावर तुमच्या हाताने लिहा, मी सही करतो. मंगळवारी संध्याकाळी सातला पहिली गाडी. सोनाका आहे, पाणी उतरलंय.